काटेरी मासा आणि सदाशिव पेठ

सदाशिव पेठेत राहून नदीतल्या माशांची तरफदारी करावी, हा आमचा उद्योग काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. ज्या पेठेतील कित्येक घरांतून मासा हा विषय पंचांगातल्या मीन राशीपलीकडे निघत नाही, तेथल्या मुलांच्या वार्षिकात मासे धरावे कसे, चिरावे कसे आणि शिजवावे कसे याची चर्चा कशाला, असा प्रश्न पालकवर्गापैकी कोणी केला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. तथापि आमचे म्हणणे असे आहे की, ही चर्चा जेवढी मासे खाणाऱ्यांच्या कामाची आहे तेवढीच, किंबहुना किंचित अधिक, न खाणाऱ्यांच्या कामाची आहे. ते कसे, हे पुढे ओघाने येईल.

गणेश पेठेतील मासळी बाजारात जो कधी गेला असेल त्याने तेथील मानपान पाहिला असेल. पापलेट, सुरमई, हलवा ही समुद्रावरून आलेली मंडळी बर्फाच्या गादीवर पहुडलेली. नदीच्या माशांत पहिला मान मरळीचा. तिचा भाव विचारताना गिऱ्हाइकाचा आवाज थोडा खाली येतो. मग रोहू आणि कटला. आणि अगदी कडेला एखाद्या पाटीत बोटभर ते वीतभर लांबीचे रुपेरी मासे, वाट्यावर विकले जाणारे, ज्यांची नावे विचारली तर 'नदीचे बारीक' एवढेच उत्तर मिळते. ह्या पाटीची कैफियत आम्ही येथे मांडणार आहो.

नदीच्या बारीक माशावर दोन आरोप नेहमी केले जातात. त्याला चिखलाचा वास येतो, हा एक. आणि त्याला काटे फार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. तो वास माशाचा नव्हे, पाण्याचा. साचलेल्या पाण्यातील काही सूक्ष्म जीव एक द्रव्य निर्माण करतात, ते माशाच्या चरबीत मुरते. गंमत अशी की, वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो सुगंध सुटतो, ज्यावर आमचे कवी लुब्ध आहेत, तोही मुख्यतः ह्याच द्रव्याचा. अंगणात तो सुगंध, ताटात तो वास! खडकाळ, वाहत्या पाण्यातल्या माशाला तो जवळजवळ नसतोच. आणि असला तरी मासा घटकाभर चिंचेच्या कोळात ठेविला म्हणजे पुष्कळसा जातो, कारण आंबटापुढे हे द्रव्य टिकत नाही. आमच्या आज्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, परंतु चिंच त्यांच्या हाताशी होती.

दुसरा आरोप मात्र खरा आहे, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. माशाच्या अंगी काटे मुख्यतः दोन प्रकारचे. कण्याला जोडलेल्या फासळ्या हा एक प्रकार. त्या दिसतात, बोटाने धरून काढता येतात, त्यांचा कोणाला त्रास नाही. दुसरे काटे कण्याशी न सांधलेले, मांसातच रुतून बसलेले, केसासारखे बारीक, लवचिक, आणि पुष्कळदा टोकाशी बेचकीसारखे दुभंगलेले असतात. ते पाठीच्या मांसात आणि शेपटीकडच्या भागात ओळीने असतात. रोहू, कटला, कोळशी, खडशी, मळ्या हे सारे एकाच विस्तीर्ण कुळातले मासे. आणि त्या कुळात हे बेचकीदार काटे एकेका माशात शंभराच्या घरात भरतात. कटला पाच किलोंचा असला म्हणजे त्याचा काटाही दाभणाएवढा होतो आणि सहज हाती लागतो. वीतभर माशात तोच काटा दिसत नाही, घशाला मात्र कळतो. मरळीला हे काटे नाहीतच, आणि शिंगाड्याला नाहीत म्हणावे इतके थोडे. म्हणजे बाजारातली प्रतिष्ठेची उतरंड ही पुष्कळ अंशी काट्यांचीच उतरंड आहे. चवीचा तिच्याशी संबंध थोडा. मराठीत तराजूलाही काटाच म्हणतात. नदीच्या माशाचे मोल ठरविताना हे दोन काटे एकमेकांत अडकले आहेत, असे आम्हांस वाटते.

केवळ काट्यांमुळे मासा हलका ठरत असता तर बंगाल्यात हिलशाचे एवढे कौतुक झालेच नसते. हिलसा हा काटेरी माशांचा शिरोमणी. आपल्या खाड्यांतही तो पाला ह्या नावाने मिळतो. परंतु बंगाली घरात त्याचा तुकडा ताटात पडला की, गृहस्थ तक्रार न करता बोटे चालवू लागतो, आणि लहान मूल हे कसब आईच्या मांडीवर बसून शिकते. मालवणकडे पेडव्यांचे तसेच आहे. स्वस्त, लहान, काटेरी. आणि तरी पेडव्याच्या तिखल्यापुढे तेथील माणूस पापलेटाकडे वळून पाहत नाही. जपानात क्योतो नावाचे जुने राजधानीचे शहर आहे, पुण्यासारखेच समुद्रापासून आत. रेल्वे आणि बर्फ नसलेल्या काळात तेथे उन्हाळ्यात जिवंत पोहोचणारा समुद्रातला मासा म्हणजे हामो, हा सर्पाकृती आणि कमालीचा काटेरी. क्योतोच्या आचाऱ्यांनी त्याला नाक मुरडले नाही, सुरी पाजळली. सव्वा इंचाच्या अंतरात वीसहून अधिक चिरे, आणि तेही असे की, काटे सारे तुटावे पण खालची कातडी अखंड राहावी! तेथल्या जुलै महिन्यातल्या गिओन उत्सवाचे हे ठरलेले पक्वान्न होऊन बसले आहे.

हा चिऱ्यांचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात सहज साधण्यासारखा आहे. वीतभर मासा खवले काढून, पोट साफ करून, स्वच्छ धुऊन फळीवर आडवा ठेवावा. धारदार सुरीने पाठीकडून पोटाकडे, गव्हाच्या दाण्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर, कण्यापर्यंत पोहोचतील असे चिरे पाडावे. सुरी चालताना आत बारीक कुरकुर ऐकू येते. ती ऐकू आली म्हणजे काटा तुटला असे समजावे. दोन्ही बाजूंनी चिरे पाडून त्यांत हळद, मीठ, तिखट, लसूण आणि चिंचेचा घट्ट कोळ चोळावा, अर्धा तास मुरू द्यावा, आणि तांदळाच्या पिठात घोळवून चांगल्या तापलेल्या तेलात तळावा. चिऱ्यांतून तेल आत शिरते, तुटलेल्या काट्यांचे तुकडे कुरकुरीत होतात, आणि शंभर काट्यांचा मासा बिनकाट्याचा होतो असे नाही, परंतु काट्यांसकट खाण्याजोगा होतो. तेल मंद ठेवले तर हे साधत नाही. मासा तेल पितो आणि काटा तसाच राहतो.

दुसरी रीत सावकाशीची. बोटभर माशांना चिरे पाडीत बसण्याचे कारण नाही. त्यांची पोटे दाबून साफ करावी, खरखरीत दगडावर राख लावून घासले की बारीक खवले निघून जातात. पसरट मातीच्या भांड्यात तळाशी थोडे तेल, ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर. वर माशांचा थर. वर चिंचेचे पाणी, मासे जेमतेम बुडतील इतके. आणि झाकण ठेवून मंद विस्तवावर तासभर. ह्यात पळी घालू नये, भांडेच दोन्ही हातांनी धरून हलवावे, नाहीतर माशांचा लगदा होतो. हाडाला चिवटपणा देणारा जो भाग असतो तो पाण्यात दीर्घकाळ शिजला की विरघळून रस्सा दाट होतो, आणि राहिलेला काटा दाताखाली भुगा होतो. ज्यांच्या घरी विस्तवाला तास द्यावयास सवड नाही त्यांनी प्रेशर कुकर वापरावा. काट्याला विस्तव आणि वाफ यांतला भेद कळत नाही. मात्र हे कालवण लागलीच खाऊ नये. रात्रभर ठेविलेले, सकाळी ज्वारीच्या भाकरीबरोबर, ह्याची सर ताज्याला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मतभेद असल्यास त्याचे आम्ही स्वागत करू, परंतु आधी खाऊन पाहावे.

पालकांसाठी एक सूचना मध्येच करून ठेवितो. अगदी लहान मुलांस मासा द्यावयाचा तो मोठ्यांनी काटे काढूनच द्यावा. आणि घशात काटा अडकला तर कोरड्या भाताचे गोळे गिळविण्याचा जो घरगुती उपाय आहे तो करू नये, काटा त्याने अधिक खोल रुततो. डॉक्टरांकडे न्यावे.

चीनमध्ये शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत माशाच्या बीजातच फेरफार करून हे मांसातले काटे नसलेला मासा निर्माण केला आहे. त्यांच्या बुद्धीची आम्ही तारीफ करितो. भुकेल्या जगाला त्याचा उपयोगही होईल. परंतु माणसाला जेवताना गप्प बसून, खाली पाहून, बोटांनी शोधीत खावे लागू नये म्हणून प्राण्याची हाडे बदलावी, ह्यात काहीतरी विनोदी आहे हेही खरे. काटेरी मासा खाणारा माणूस घाई करू शकत नाही, आणि एका हातात मोबाइल धरून त्याला जेवता येत नाही. हल्लीच्या घरांतून हा गुण लहान नव्हे.

शिवाय जो काटा आपण टाकतो त्यातच चुना आहे, ज्याने आपली हाडे बनतात. बांगलादेशातील खेड्यांत मोला नावाचा बोटभर मासा असतो. डोक्याकाट्यांसकट तो खाल्ल्याने गरीब घरच्या आया आणि मुले यांस चुना, लोह आणि डोळ्यांस उपकारक असे 'अ' जीवनसत्त्व मिळते, हे शकुंतला थिलस्टेड ह्या विदुषींनी वर्षानुवर्षांच्या कामाने दाखवून दिले, आणि त्यासाठी २०२१ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे वाट्यावर विकल्या जाणाऱ्या पाटीतल्या माशांचे मोल पोषणशास्त्राला कळले आहे. कळावयाचे राहिले आहे ते गिऱ्हाइकाला.

आता मासे धरण्याविषयी. आपल्या दख्खनेत हा विषय राजदरबारी बसलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण त्यात आहे, आणि गळाने मासे धरण्याची चर्चा राजाने मोठ्या आस्थेने केली आहे. परंतु राजा गळ टाकतो तो विनोदासाठी. मुळशी-मावळातला भोई किंवा कातकरी पाण्यात उतरतो तो संध्याकाळच्या चुलीसाठी, आणि त्याचे ज्ञान वेगळ्या जातीचे असते. गोल पसरणारे पाग हात फिरवून असे फेकावे की, पाण्यावर पडताना ते पूर्ण उघडलेले असावे. हे पाहावयास सोपे आणि करावयास अत्यंत कठीण. ओढ्याच्या अरुंद तोंडाशी बांबूच्या कामट्यांची टोपली लावतात, तिचे तोंड आत वळलेले असते, मासा शिरतो पण परत फिरत नाही. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. मळ्या दगडाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून राहतो. त्याला गळाची पर्वा नसते. तो शेवाळ खरवडून खातो. त्याला धरावयाचे तर दगडाखाली दोन्ही हात घालून.

आषाढाच्या तोंडी पहिले पाणी ओढ्यांस आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, अंडी घालावयास. ह्यांस चढणीचे मासे म्हणतात. भातखाचरांच्या बांधावरून पाणी उड्या घेत असते आणि त्या धारेत मासा उलट उडी घेतो. हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने मावळचा पाऊस अर्धाच पाहिला. ह्या दिवसांत मासा गाभोळीने भरलेला असतो, लोक उड्या टाकतात, आणि पाट्या भरतात. येथे आम्ही थोडे कडू बोलणार आहो. पूर्वी पाण्यात मासे उदंड आणि हात थोडे, तेव्हा चढणीचे धरले तरी भागत असे. आज पाण्यात मासे थोडे आणि हात, मोटारी, नायलॉनची जाळी उदंड. आंडील मासा धरणे म्हणजे पुढल्या वर्षाची पाटी ह्या वर्षी खाणे होय. आणि ओढ्याच्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकून लहानमोठे सारे एकदम वर आणणारे जे लोक आहेत, त्यांस मासेमार म्हणणे हा भोयांचा अपमान आहे.

मागे एका वर्गात आम्ही सहज विचारले होते की, तुम्हांस ठाऊक असलेल्या पाच माशांची नावे सांगा. शार्क आला, डॉल्फिन आला, देवमासा आला. पैकी शेवटचे दोन मासेच नव्हेत ही गोष्ट अलाहिदा. काचेच्या पेटीतला गोल्डफिश आला. मुठेतला एकही आला नाही. मुले हुशार होती, त्यांचा दोष नव्हता; त्यांच्या कानांवर ती नावे कोणी घातलीच नव्हती.

ती नावे एके काळी पुण्यातूनच जगभर गेली आहेत. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये कर्नल सायक्स ह्या लष्करी गृहस्थास दख्खनच्या पाहणीवर नेमले. माणूस चौकस होता. शिरगणती, पाऊस, पिके, पक्षी यांबरोबर त्याने मासेही गोळा केले, आणि १८३९ मध्ये विलायतेस त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. मुळा-मुठेचा त्याने 'मोटा मोला' केला ते सोडून द्या. परंतु माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच घेतली. म्हणून आजही जगातल्या कोणत्याही विद्यापीठात खडशीला टॉर खुद्री म्हणतात, कोळशीला हिप्सेलोबार्बस कोलस म्हणतात, आणि आमचा दगडाला चिकटणारा मळ्या गारा मुल्या ह्या नावाने नोंदला जातो. खडशीचा सायक्सने सांगितलेला ठिकाणाच मुळी पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवरच्या मुळा-मुठेचा. ज्या भोयाने सायक्सला ही नावे सांगितली त्याचे स्वतःचे नाव मात्र कोठे आढळत नाही. पुढे कुलकर्णी नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातला एक मासा वर्णिला, जो इतर माशांचे खवले कुरतडून खातो. त्याचे नाव त्यांनी ठेविले खवलचोर. असे नाव ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या मुलांनी शार्कवर समाधान मानावे, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

सायक्सनंतर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, फ्रेझर ह्यांनी मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली. २००३ मध्ये वाघ आणि घाटे ह्यांनी मुळा-मुठेची पुन्हा पाहणी केली, तेव्हा जुन्या यादीतले कित्येक मासे शहराजवळच्या पात्रात सापडेनात, आणि कोणी न बोलावलेले पाहुणे मात्र सापडले. त्यांत चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये हिंदुस्थानात आणला. आई पिले तोंडात सांभाळते, घाण पाणी सोसते, आणि थोड्याच पिढ्यांत सारे तळे आपलेसे करते. उजनीच्या जलाशयात आज भोयांच्या जाळ्यात तीच पुष्कळ येते. काटे थोडे, म्हणून खपतेही. आम्ही तिच्यावर रागावत नाही. तिने पुष्कळ चुली पेटत्या ठेविल्या आहेत. परंतु खडशी गेली आणि चिलापी आली ह्याला बदल म्हणावे, भरपाई म्हणू नये.

सायक्सच्या यादीत एक अहिर आहे, सर्पाकृती मासा. त्याने त्याला एल्फिन्स्टनसाहेबांचे नाव दिले होते. हा मासा जन्मतो समुद्रात आणि वाढावयास नदीने वर चढतो. पुण्याला यावयाचे तर त्याने बंगालच्या उपसागरातून कृष्णा, मग भीमा, मग मुळा-मुठा असा प्रवास करावयाचा. सायक्सच्या काळी तो करीत असला पाहिजे, एरवी त्याच्या यादीत आला कसा? त्या वाटेवर आज विजयवाड्याचा बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम् आणि उजनी अशी चार मोठी दारे बंद आहेत, आणि लहान किती ते वेगळेच.

मोठ्या माशांस निदान वाली मिळतो. खडशी ही महाशीर म्हणून गळबहाद्दरांत प्रसिद्ध, म्हणून लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने तिची पिले वाढविण्याचे केंद्र अर्धशतकापूर्वी काढले आणि लाखो पिले ठिकठिकाणच्या पाण्यांत गेली. (त्यांतली काही कावेरीत सोडली गेली आणि तेथल्या मूळच्या महाशीरास जड गेली, उपकार करतानाही पाणी ओळखून करावे लागते.) देहूच्या डोहातल्या माशांस इंद्रायणीकाठच्या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या राखले. परंतु वाट्यावर विकल्या जाणाऱ्या मळ्याला ना गळबहाद्दर, ना वारकरी, ना वीज कंपनी.

आता सदाशिव पेठेचा मुद्दा. आमच्या नळाला जे पाणी येते ते पर्वतीच्या जलकेंद्रातून येते, आणि तेथे ते येते खडकवासल्याच्या धरणातून. म्हणजे मुठा, आंबी, मोसी ह्या तीन नद्यांचे पाणी, जे वर मावळात मळ्याच्या आणि कोळशीच्या कल्ल्यांतून जाते, तेच आमच्या देवघरातल्या कलशात भरले जाते. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. तेव्हापासून नदीचे स्वच्छ पाणी वरच्यावर उचलावे आणि वापरून झालेले खाली पात्रात सोडावे, असा ह्या शहराचा नदीशी व्यवहार आहे. लकडी पुलावर उभे राहून खाली पाहिले तर पावसाळ्याखेरीज जे वाहताना दिसते त्यात मुठेचा अंश थोडा आणि आमचाच अधिक असतो. त्या पाण्यात गप्पी तग धरतात, जे डासांच्या अळ्या खाव्या म्हणून मुद्दाम सोडलेले. मळ्या तग धरीत नाही, त्याला घासायला स्वच्छ दगड लागतो. तेव्हा जो गृहस्थ म्हणतो की, आमच्या घरात मासा शिजत नाही, सबब माशांशी आमचा संबंध नाही, त्याने सकाळच्या अंघोळीचे पाणी जाते कोठे एवढेच पाहावे. खाणाऱ्याने एक वाटा मासे मारले असतील. न खाणाऱ्यांच्या मोऱ्यांनी डोहच्या डोह रिकामे केले. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या पेलाभर चहावरून ग्रामण्य माजले, टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न गेला. नदीत सोडलेल्या मैल्यावरून कोणावर ग्रामण्य झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

नदीवरून जोवर कोणी तरी संध्याकाळी पाटी घेऊन परतत होते तोवर पाणी बिघडल्याची वर्दी गावाला फुकट मिळत होती. भोई सांगे, यंदा कोळशी नाही. यंदा माशाला घासलेटाचा वास येतो. ज्या दिवशी काटेरी मासा कोणी विकत घेईना, त्या दिवसापासून ही वर्दी देणारा माणूस नदीवरून उठला आणि मजुरीला गेला. आज तीच वर्दी प्रयोगशाळेतून आकड्यांत येते, आणि ती कोणी वाचीत नाही. म्हणून वाट्यावरच्या पाटीला गिऱ्हाईक असावे, असे आम्ही म्हणतो. मात्र शहरातल्या पात्रात धरलेला मासा खाऊ नये. त्याच्या अंगात काय मुरले असेल त्याचा नेम नाही. खावयाचा तो धरणांच्या वरचा, मावळातल्या ओढ्यानद्यांचा, आणि अंडी घालून झाल्यावरचा, म्हणजे दिवाळीनंतरचा.

विद्यार्थ्यांस आमची सूचना साधी आहे. पाण्यात उतरू नये. धरणाच्या पाण्यात उतरून घरी न परतलेल्या मुलांच्या बातम्या पुन:पुन्हा वाचावयास मिळतात, आणि मासे पाहावयास पाण्यात उतरण्याची गरजही नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुळशी, वेल्हे, मावळ, भोर येथे ज्यांचे आजोळ आहे त्यांनी तेथील वडीलधाऱ्यांस माशांची नावे विचारावी. नावे गावागणिक फिरतात. एकाच माशाला पवनेवर एक आणि नीरेवर दुसरे नाव असावयाचे, म्हणून दोन्ही लिहावी. कोणत्या महिन्यात सापडतो, कशाने धरतात, काटे कोठे असतात, घरात कसा करतात, हे विचारावे; आणि पूर्वी सापडत असे पण आता सापडत नाही अशांची नावे आधी विचारावी, कारण ती सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी मासा शिजत नाही त्यांनीही विचारावी. नाव घेतल्याने विटाळ होत नाही.

ह्या कामासाठी एक मोठी वही ग्रंथालयात खिडकीपाशी ठेविली आहे. पहिल्या पानावर आम्ही मळ्या लिहिला आहे आणि त्याच्यापुढे बरीच जागा कोरी सोडली आहे. त्याचे दुसरे नाव ठाऊक असलेल्या आजीचे किंवा आजोबांचे नातवंड आमच्या शाळेत असेल तर त्याने मधल्या सुट्टीत यावे. दौत-टाक तेथेच आहे.